भिंतीकडे तोंड

दर्शन खाकरला आणि समोरच्या ओट्यावर चहा पीत बसलेला म्हातारा ताडकन उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. झालं ते एवढंच. ग्लास लवंडला, चहात भिजवलेलं बटर खाली पडलं, ते कोंबडीनं लगेच पळवलं, आणि म्हातारा निळ्या भिंतीला नाक लावून, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून उभाच. आता खाकरणं म्हणजे काही गुन्हा नव्हे. ठाण्यात आजकाल जो तो खाकरतो, इतकी धूळ आहे. दर्शन कोळीवाड्यात आला होता तो देवळामागचा हॉल बघायला. रविवारी तिथे त्याच्या वडिलांच्या, म्हणजे कान्हा मास्तरांच्या, फोटोचं अनावरण होतं, आणि मुलगा म्हणून दर्शननं त्यांच्या आयुष्याबद्दल चार शब्द बोलायचे होते. चार शब्द म्हणणं सोपं. ते कुठले, हे त्याला आठवडाभर सुचत नव्हतं, आणि तेच डोक्यात घोळवत तो गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. म्हाताऱ्याची पाठ त्यानं बघितली. बनियनला खांद्यावर एक भोक, मानेवर उन्हानं पडलेल्या सुरकुत्या, आणि पाय सुजून पोटऱ्यांपर्यंत चकाकत होते. पाठ ओळखीची होती. चेहरा आठवेना, पण पाठ लख्ख ओळखीची. हा मालूकाका. दर्शन दोन पावलं पुढे झाला, काहीतरी बोलावं म्हणून त्यानं घसा साफ केला, तसे म्हाताऱ्याचे खांदे आणखी ताठ झाले, शाळेतल्या पोराचे होतात तसे. दर्शन आल्या वाटेनं परत फिरला आणि रिक्षात बसेपर्यंत पुन्हा खाकरला नाही.

वर्तकनगरला घरी पोचल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती बाथरूमचं दार लावून आरशासमोर खाकरण्याची. खर्जातला एक लांब सूर, मग छोटासा ठसका, आणि शेवटी थोडं थांबणं, जणू आता काहीतरी महत्त्वाचं येणार. हे त्याचं नव्हतं. हे अण्णांचं, वडिलांचं होतं. कधी शिरलं आपल्या घशात? बाहेरून नीरजानं, त्याच्या बायकोनं, विचारलं की बरं वाटत नाहीये का. तो म्हणाला, काही नाही, घसा. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बाप आरशात दिसायला लागतो असं सगळेच म्हणतात, नाक तेच, टक्कल तेच. पण घशातून बाप बाहेर यावा आणि त्याला बघून परक्या माणसानं उभं राहावं, हे काही ठीक नव्हे.

कान्हा मास्तर हे प्रकरणच वेगळं होतं. कोळीवाड्यातला पहिला शिकलेला माणूस, पालिकेच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केली. घरात आईशी, बाजारात मावशीशी, सगळ्यांशी पुस्तकातलं शुद्ध मराठी बोलायचे. आई हसायची, म्हणायची की यांच्याकडनं बोंबील मागून घेताना पण व्याकरण शिकावं लागतं. निवृत्त झाले आणि जमातीनं त्यांना न्यायाला बसवलं. कोर्टकचेरीच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा गावातलं गावात मिटलेलं बरं, अशी जुनी रीत. भिंत कुणाची, होडी कुठे बांधायची, सून माहेरी का गेली, असले तंटे रविवारी सकाळी देवळाच्या ओट्यावर यायचे. मास्तरांनी बसल्या बसल्या एक मोठा बदल केला. दंड बंद. दंड भरून माणूस मोकळा होतो, सुधारत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग शिक्षा कुठली? तर शाळेतली. ऐकायला चेष्टा वाटेल, पण वाड्यातला पन्नाशीच्या आतला एकेक पुरुष त्यांच्या छडीखालून गेलेला होता. मास्तर म्हणाले 'उभा राहा' की पिळदार मिशांचे, पोराबाळांचे बाप झालेले गडी देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. बायका पदराआडून हसायच्या. मग थोड्या वेळानं मास्तर खाकरायचे, उजवा हात तळवा खाली करून हवेत हलकेच दाबायचे आणि म्हणायचे, 'जागेवर बस.' की संपलं. भांडणही संपायचं, लाजही. त्या दोन शब्दांनंतर कुणी कुणाला जुनं बोलून दाखवायचं नाही, अशी शिस्त. आजची पोरं म्हणतात, असलं आता केलं तर केस होईल. होईलही. पण तेव्हा लोक दूरदूरच्या वाड्यांतून कान्हा मास्तरांचा न्याय घ्यायला यायचे, आणि घरी आई चहाची आधणं ठेवून ठेवून वैतागायची.

आणि दर्शन? तो तर घरचाच. त्याची भिंत ओट्यावरची नव्हती, स्वयंपाकघराशेजारची, पोपडे आलेली. त्या पोपड्यांत त्याला उंट दिसायचा, एक बाई दिसायची, आणि अण्णा मागून दिसायचे नाहीत, ऐकू यायचे. सपातांचा आवाज, मग थांबणं, मग खाकरणं. अण्णा म्हणजे पाठीमागचा आवाज. विचार केला तर त्याला बापाचा समोरचा चेहरा फारसा आठवतच नव्हता, आणि लोक म्हणत होते त्यांच्या आयुष्याबद्दल बोल. एकदा पाढा चुकला म्हणून उभं केलेलं असताना दाराशी कुणीतरी अर्ज लिहून घ्यायला आलं. अण्णा तसेच बाहेर गेले. दुपार झाली, पाय भरून आले, शेवटी आईनं दंड धरून ओढत पाटावर बसवलं आणि भात वाढला. तो जेवला, पण घशाखाली घास उतरेना, कारण 'जागेवर बस' कुणी म्हटलंच नव्हतं. आई म्हणाली, अरे विसरले असतील. विसरले होतेच. पण त्यानंतर कित्येक वर्षं दर्शनला वर्गात, लोकलच्या सीटवर, माजिवड्याच्या लिफ्ट कंपनीतल्या स्वतःच्या खुर्चीतसुद्धा मधूनच वाटायचं, आपण परवानगी नसताना बसलोय.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खाली त्याला भेटायला एक बाई आली. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, हातात हेल्मेट. मी मेघाली, म्हणाली, मालू कोळ्याची पोरगी, डोंबिवलीला दिलेली. टपरीवर उभ्याउभ्या तिनं सगळं सांगितलं, नजर रस्त्यावरच्या पुलाच्या खांबावर ठेवून. बाबा काल तुम्हाला बघून उभा राहिला ना, ते नवीन नाही. गुरुजी गेल्यापासून तो रोज उभा राहतो. संध्याकाळी, गुरुजींची फिरायला जायची वेळ झाली की उठतो, तोंड फिरवतो, आणि ते गल्लीतून जाईपर्यंत तसाच राहतो. आधी थोडाच वेळ असायचा. आता म्हणतो, ते जातच नाहीत, मागे थांबतात. म्हणून मग तो पण बसत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, पाय वर घेऊन बसवा, नाहीतर पाण्याची सूज वर चढेल, मग काही खरं नाही. मी त्याला डोंबिवलीला नेलेला. आमच्या तिकडे खिडकी उघडली की एमआयडीसीचा वास, तिसरा मजला, गुरुजींनी कधी पायरी चढलेली नाही. म्हटलं इकडे कुठे येणार ते. पण पहिल्याच संध्याकाळी बाबा कपाटाकडे तोंड करून उभा. मी ओरडली, बाबा इकडे कुणी नाही. तर बोलला, हलू बोल, ते जिना चढून दमलंन.

दर्शननं विचारलं, मग मी काय करू. मेघालीनं त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं.

"दादा, तुमचा आवाज तसाच आहे. तुम्ही फक्त त्याला बसायला सांगा."

मी काय देवऋषी आहे का, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं सांगितलं, चांगल्या मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या, आमच्या वर्तकनगरात एक आहेत. नेलं होतं, ती म्हणाली. तिकडे पण उभाच होता. मग तिनं हेल्मेट चढवलं आणि जाता जाता म्हणाली, नसेल जमत तर राहू द्या, पण रविवारी तुमच्या बाबांबद्दल चांगलं चांगलं बोलाल तेव्हा माझा बाप मागच्या गल्लीत उभा असेल, एवढं लक्षात ठेवा. टोमणा वर्मी बसला. बसणारच. कारण मालूकाकाची पाठ ओळखीची का आहे, हे एव्हाना त्याला आठवलं होतं, आणि न आठवतं तर बरं झालं असतं.

खाडीत कुणाचंतरी डोलीचं जाळं कापलं गेलं होतं, आणि संशय मालूवर होता, कारण त्याचं आणि जाळंवाल्याचं जाळं लावायच्या जागेवरून आधीच वाजलेलं. मालू ओट्यावर म्हणाला, मी नाही कापलं. मास्तरांनी पुन्हा विचारलं. मालू म्हणाला, नाही कापलं. शाळेत मालू खोटारडा म्हणून प्रसिद्ध होता, आणि मास्तर मंडळींची एक खोड असते, त्यांच्या लेखी पोरगा चौथीत जसा होता तसाच सरणावर जातो. मास्तर म्हणाले, खोटं बोलणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही, मी सांगेपर्यंत माझ्याकडे पाठ कर. मालू फिरला. तेवढ्यात घरून कुणी धावत आलं, दर्शनची आई मोरीत घसरून पडली होती. मास्तर चपला न घालता धावले. त्याच आठवड्यात आई गेली. मग सुतक, दिवस, पाहुणे. कुणाच्या लक्षात राहणार ओट्यावरचा एक माणूस? इथवर कुणाची चूक नाही. पण पुढे पावसाळा सरला आणि कळलं की जाळं रेती काढणाऱ्या बार्जच्या पंख्यात अडकून तुटलं होतं. जाळंवाल्यानं स्वतः येऊन मास्तरांना सांगितलं. दर्शन तेव्हा तिथे झोपाळ्यावर पेपर वाचत होता. अण्णा म्हणाले, असं होय. आणि उठून आत गेले.

'जागेवर बस', हे दोन शब्द. जगात आणखी काय लागत होतं? पण अण्णांनी फिरायला जायची वाट बदलली. देवळावरून जवळ पडायचं, ते बंदरावरून वळसा घालून जायला लागले. चालणं प्रकृतीला चांगलं, म्हणायचे. ठाणं केवढं मोठं, पण कोळीवाडा केवढासा. वळसा घातला तरी मालू कुठे ना कुठे दिसायचाच, जाळं विणताना, होडीला डांबर फासताना, आणि अण्णा दिसले की शांतपणे पाठ फिरवायचा. रागानं नाही. उलट इतक्या अदबीनं की बघणाऱ्याला वाटावं, केवढा हा मान. एकदा दर्शन आपल्या मुलीला, प्राप्तीला, तेव्हा ती बालवाडीत होती, स्कूटरवर पुढे उभी करून बंदराकडून येत होता, तेव्हा त्यानं पाहिलं. मालू पाठ करून उभा, आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर अण्णा. हातात मिटलेली छत्री. अण्णा खाकरले. लांब सूर, ठसका, आणि ते थांबणं. उजवा हात थोडा वरही आला. दर्शननं स्कूटरचं इंजिन बंद केलं, का कोण जाणे. मालूची मान एवढीशी कलली, कान देऊन ऐकत होता तो. आणि अण्णांनी हात खाली घेतला, छत्री दुसऱ्या हातात धरली आणि निघून गेले. कोण कुणाला शिक्षा करत होतं, देव जाणे. गावाला न्याय देणारा माणूस एका भोक पडलेल्या बनियनपुढे दर संध्याकाळी आरोपी होऊन उभा राहत होता, आणि ती पाठ काही निकाल देत नव्हती. दर्शननं स्कूटर पुन्हा सुरू केली. बापाला काय बोलणार, आणि बोलायला समोरून कधी सापडायचा तो?

पण खरा धसका त्याला वेगळ्याच आठवणीचा बसला. अण्णांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर त्यानं त्यांना वर्तकनगरच्या घरी आणलं होतं. वाचा गेली होती. जन्मभर शब्द न् शब्द तोलून बोललेला माणूस, नुसता घरघरायचा. एक उजवा हात तेवढा चालत होता. तो हात ते सारखा उचलायचे, तळवा खाली करायचे आणि हवेत दाबायचे. नीरजानं पलंगाची पाठ खाली केली. पंखा कमी केला. दर्शननं टीव्हीचा आवाज बारीक केला, मग बंद केला, मग खिडकीचा पडदा ओढला. अण्णा मान हलवायचे, डोळ्यांत पाणी यायचं आणि हात पुन्हा तसाच. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्याकडे. प्राप्ती आता कॉलेजात जाणारी, ती एकदा दारातनं म्हणाली होती, बाबा, आजोबा कुणाला तरी बसायला सांगतायत. तो तिच्यावर खेकसला होता. त्यानंतर ती त्या खोलीत एकटी जायची नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही तिकडे पाठ करून उभं राहायला नको वाटायचं. शेवटच्या दिवशीही हात तसाच, दाबलेला. शिकलेली दोन माणसं शेजारी, आणि एकालाही साधा तळवा वाचता आला नाही. हे आठवलं तेव्हा दर्शन माजिवड्याच्या पुलाखाली सिग्नलला स्कूटरवर थांबला होता, आणि तो भर रस्त्यात रडला. हेल्मेटच्या आत रडलेलं कुणाला दिसत नाही, एवढीच सोय.

रविवारी हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या. फोटोवर जरीचा पडदा, माइकवाला हॅलो हॅलो करत होता, जमातीचे लोक पांढऱ्या टोप्या घालून येत होते. दर्शननं नीरजाला सांगितलं, आलोच, आणि मागच्या दारानं गल्लीत उतरला. संध्याकाळची ती वेळ होतच आली होती. उन्हं खाडीवर कलली होती, ओट्यांवर सुकट वाळत घातलेली, कुठेतरी कुकरची शिट्टी. मालूकाका उठून उभा होता, भिंतीकडे तोंड. मेघाली पायाशी गरम पाण्याचं घमेलं घेऊन बसली होती. तिनं वर बघितलं आणि पदर सावरून बाजूला झाली.

"मालूकाका," दर्शन म्हणाला, "बसा आता. झालं. बसा."

म्हातारा हलला नाही. भिंतीलाच बोलला, हळू, समजावणीच्या सुरात:

"गुर्जी 'बसा' नाय बोलत."

खरं होतं. अण्णा 'बसा' म्हणत नसत. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, लहानपणी ज्यानं होडीत बसवून खाडी फिरवून आणलं, त्याला अरेतुरे करायचं? जीभ रेटेना. आणि दुसरंही एक होतं, ते जास्त अवघड. अण्णांचे शब्द आपण म्हटले म्हणजे अण्णा चुकले असं आपण गावासमोर म्हटलं. हॉलमध्ये त्यांचा फोटो पडद्याआड वाट बघतोय, लोक त्यांच्या न्यायाची तारीफ करणार, आणि इथे त्यांचा मुलगा त्यांचा निकाल फिरवणार. कुणी दिला आपल्याला हा अधिकार? मग त्याला तो हात आठवला. अधिकार नव्हे, निरोप होता तो. महिनोन् महिने दिला जात होता आणि त्याच्याकडेच पडून होता. गल्लीच्या तोंडाशी दोनचार माणसं थांबली होती. थांबू देत. त्यानं घसा साफ केला. लांब सूर निघाला, मग ठसका, आणि मग ते थांबणं. ते थांबणं त्याच्या अंदाजापेक्षा बरंच लांबलं, आणि त्या थांबण्यात त्याला स्पष्ट जाणवलं की आपला उजवा हात वर येतोय, आणि तो आपण उचललेला नाही.

"मालू, तू जाळं कापलं नव्हतंस. जागेवर बस."

म्हाताऱ्याचा श्वास आधी सुटला. मग खांदे उतरले. मग भिंतीला हात टेकत टेकत तो वळला आणि कण्हत ओट्यावर बसला, आणि मेघालीनं झटकन त्याचे दोन्ही पाय उचलून मांडीवर घेतले. ती रडत होती, पण हात कामात होते. मालूकाकाचा चेहरा दर्शननं इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरून पाहिला. लहान पोराचा चेहरा असतो तसा होता, दमलेला, आणि आता कसलाच राग नसलेला. तो मान वर करून बघत होता. पण दर्शनकडे नाही. दर्शनच्या खांद्यावरून, मागे. बराच वेळ बघून त्यानं ओट्यावरची आपल्या शेजारची जागा हातानं झाडली, सुकटीचे दोन तुकडे बाजूला केले.

"आता तुमी पन बसा, गुर्जी," तो म्हणाला. "लय वेल उभं हाव."

मागे सपातांचा आवाज झाला. किंवा हॉलमधून कुणी येत असेल, कार्यक्रमाची वेळ झाली होती, बोलवायला कुणीतरी येणारच. दर्शनचा हात अजून हवेत तसाच होता, तळवा खाली. वळून बघितलं की कळलं असतं. बापाचा चेहरा समोरून बघायचा एवढा एकच योग होता म्हणायचं. पण पाय जमिनीला चिकटले होते आणि नजर समोरच्या निळ्या भिंतीवर खिळली होती, जिथे मालूकाकाच्या कपाळाच्या जागी रंग घासून आतला चुना दिसत होता. त्यात त्याला उंट दिसला. मागचा आवाज थांबला होता. माइकवर कुणीतरी त्याचं नाव पुकारत होतं, पुन्हा पुन्हा, आणि दर्शन दोन्ही हात बाजूंना सरळ सोडून उभा होता, कान देऊन, ते खाकरणं ऐकू येण्याची वाट बघत.